हद्दीपलीकडच्या एकोणीस जाळ्या

६ एप्रिल, सोमवार

निपाणी, फलोत्पादनाचं ऑफिस. करवंद संवर्धन योजनेची माहितीपत्रकं आली. कव्हरवर क्रॅनबेरी. परदेशातली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी, भोवती लाल फळं तरंगताहेत. खाली कन्नडमध्ये 'भारतीय क्रॅनबेरी, करवंद'. करवंदाचा फोटो मिळाला नसावा. ऑफिसच्या मागच्या कुंपणातच जाळी आहे.

योजना साधी आहे. जुन्या, फळं धरणाऱ्या करवंदाच्या जाळ्या जो राखेल त्याला तारेचं कुंपण, पाण्याची टाकी, आणि त्या सर्व्हे नंबरात दहा वर्षं खोदकामाला बंदी. साहेबांना सीमेवरच्या गावांतून निदान एक लाभार्थी हवा. 'मराठी गावं तुमची,' म्हणाले. कन्नडमध्ये म्हणाले, मी कन्नडमध्येच हो म्हटलं.

दुपारी कोगनोळी. माळाच्या पायथ्याला एक घर. शालनआक्का. चाळिशीची, काटक. नवरा इचलकरंजीत दुसरीबरोबर राहतो. घर आणि माळ धाकटा दीर बाबूआण्णा बघतो. वर माळावर तिच्या करवंदाच्या जाळ्या. बी टाकून, घागरीनं पाणी घालून वाढवलेल्या. उन्हाळाभर निपाणीच्या बाजारात करवंदं विकते, उरलेल्यांचं लोणचं. त्यावर वर्ष निघतं.

पत्रक बघून तिचा पहिला प्रश्न : "ही माणसं पाण्यात उभारून काय करायल्यात गं?"

बाबूआण्णाला माळ हायवेच्या भरावासाठी मुरूम काढायला द्यायचा आहे. लपवत नाही. "वैनी, तुझा कागद आला तर माळ तुझा. न्हाय आला तर जेसीबीचा." तिच्या अर्जावर सही मात्र लगेच दिली. हसत.

चहा नाकारला. अर्जदाराकडे काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. बाबूआण्णा : "इख घाटलंय व्हय म्याडम चहात?"

९ एप्रिल, गुरुवार

मोजणी. प्रत्येक जाळीपाशी उभं राहून ॲपमध्ये ठिकाण टिपलं. एकोणीस जाळ्या. वय बारा-पंधरा वर्षं, फळधारणा उत्तम, रोग नाही. इतक्या निगुतीच्या जाळ्या मी कॉलेजच्या प्रक्षेत्रावरही बघितल्या नव्हत्या.

एकोणीसच्या एकोणीस ठिपके लाल. हद्दीबाहेर.

पुन्हा टिपले. लालच.

यांचा माळ दोन सर्व्हे नंबरांत आहे. खालचा उतार कर्नाटकात, वरचा माथा महाराष्ट्रात. खाली पूर्वी तंबाखू लावायचे, म्हणून करवंदं माथ्यावर. तेव्हा कुणी रेघ बघितली नव्हती. योजना आमच्या राज्याची.

तिला तिथंच सांगितलं.

"रेघ कुठं हाय? दाव."

दाखवली. त्या दगडापासून या निंबापर्यंत. मध्ये वाळलेलं गवत आणि एक शेळी. शेळी दोन्हीकडं चरत होती.

बाबूआण्णा मांडीवर थाप मारून हसला. "वैनी, तुझी करवंदं तिकडची निघाली की गं! रेशन कार्ड काढ त्यांचं!"

ती हसली नाही. मीही नाही.

१३ एप्रिल, सोमवार

साहेबांना विचारलं, सूट मिळेल का. नाही. पलीकडच्या ऑफिसात फोन केला. तिकडं अशी योजनाच नाही, वर, 'तुम्ही कर्नाटकातून कशाला विचारताय?'

साहेब : झाडं हद्दीत दिसली पाहिजेत. बस. ती तिथं कशी आली हे ॲप विचारत नाही.

शालनआक्काला फोन. नियम होता तसा वाचून दाखवला. झाडं आपल्या हद्दीत पाहिजेत, जुनी पाहिजेत, फळावरची पाहिजेत, नवीन रोपं चालत नाहीत.

ती सावकाश म्हणाली, "आपल्या हद्दीत. जुनी. फळावरची. बरं."

फोन ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रकरण संपलं असं समजून फाइल बाजूला ठेवली.

१८ एप्रिल, शनिवार

संकेश्वर. दिवसभर ऊसवाल्यांसमोर करवंदाचं भाषण. एकानं विचारलं, "कारखाना घेतंय काय?" नाही म्हटल्यावर सगळे उठले.

परतताना बाबूआण्णाचा फोन. "म्याडम, या की बघायला. आणली इकडं."

काय आणलं?

"करवंदं!"

२० एप्रिल, सोमवार

तंबाखूच्या जुन्या रानात एका ओळीत एकोणीस जाळ्या. जेसीबीनं उपटून, उतारावरनं आणून, खड्ड्यांत उभ्या केलेल्या. ओळ सरळ, दोरी लावून धरलेली. फांद्यांवर हिरवी फळं तशीच. प्रत्येक जाळीवर जुन्या लुगड्याची सावली बांधलेली.

शालनआक्काचे हात कोपरापर्यंत काट्यांनी ओरबाडलेले, वर हळद. दोन दिवस ती फांद्या मिठीत धरून जेसीबीच्या बकेटीत बसून खाली आली. "एकबी फांदी मोडू दिली न्हाय बघ."

फांदी मोडली नव्हती. खरं आहे.

मी वर गेले. एकोणीस खड्डे. प्रत्येकाच्या तळाशी सोटमूळ तुटून राहिलेलं, मनगटाएवढं, कापाच्या जागी चीक वाळून पांढरा. करवंदाचं सगळं बळ त्या मुळात असतं. ते वरच राहिलं. खाली आलेत ते फुलदाणीतले गुच्छ. भर एप्रिलात, फळावर असताना.

खड्ड्यांपाशी एक अनोळखी माणूस होता. मुरमाचा कंत्राटदार. जेसीबी त्याचाच, वैनीसाठी फुकट दिलेला. खड्ड्यातला मुरूम मुठीत दाबून बघत होता. थोडा पिशवीत भरला.

खाली आल्यावर तिनं विचारलं, "जगतील न्हवं?"

"बघू."

बाबूआण्णा झाडांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. "म्याडम 'बघू' म्हणाल्या, म्हंजे झालंच की, वैनी."

तिनं ते खरं धरलं. माझ्यासमोर धरलं आणि मी दुरुस्त केलं नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं : आज हिरवी आहेत ना? मग आज फोटो चढवा.

चढवला. एकोणीस हिरवे ठिपके.

आता बेळगावचे मोठे साहेब येऊन प्रत्यक्ष बघणार. त्यांनी फळावरची झाडं बघितली की मंजुरी. पावसाळ्यानंतर दुसरी तपासणी. तेव्हा निम्मी तरी जिवंत नसतील तर मंजुरी रद्द, खोदकामाची बंदीही रद्द.

मोठे साहेब कधी येणार? 'याच आठवड्यात. आयतु.' झालं, म्हणजे.

२४ एप्रिल, शुक्रवार

कोगनोळी. या वेळी स्पष्ट बोलले. तिच्या अंगणात, उभ्यानं.

मूळ तुटलंय. एवढ्या पानांना आणि फळांना पाणी पुरवायला खाली काही नाही. जगवायची असतील तर आजच खरड छाटणी. सगळी फळं तोडायची, फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या, बुडात पालापाचोळ्याचं आच्छादन. मग काही जगतील. सगळी नाहीत.

"मग छाटू की."

छाटली तर ती फळावरची झाडं राहणार नाहीत. मोठे साहेब खुंट बघून परत जातील. मंजुरी नाही.

"मग नगं छाटायला."

न छाटलं तर एकेक दिवस मरत जातील.

"तू सांग काय करू."

"ते मी सांगू शकत नाही. तुम्ही ठरवायचं."

हे बरोबर उत्तर आहे. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं, निर्णय शेतकऱ्याचा. बोलून झाल्यावर तिच्या चेहऱ्याकडं न बघता स्कूटर काढली.

संध्याकाळी तिचा फोन. "थांबते. सायेब येऊ देत. ह्या आठवड्यात म्हणलेत न्हवं?"

२९ एप्रिल, बुधवार

मोठ्या साहेबांना मीटिंग. दौरा पुढं.

पानांच्या कडा आत वळल्यात. शालनआक्का दिवसातून चारदा पाणी घालते. सांगितलं, घालू नका एवढं, उरलीसुरली मुळं कुजतील. "तहानल्यात गं," म्हणाली. मी गेल्यावर पुन्हा घातलं असणार.

शेजारणी कुंपणापाशी येऊन बघून जातात. "शालने, सरकारी झाडं वाळाय लागली काय गं?"

ती : "तुझ्या जिभंगत वाळली न्हाईत अजून."

तिच्यासमोर पहिल्यांदा हसू आलं मला. दाबलं.

वर माळावर ती जात नाही. रिकामी जागा बघवत नाही म्हणते.

४ मे, सोमवार

दौरा पुन्हा पुढं. मोठ्या साहेबांच्या घरी लग्न.

फळं गळाली. पानं पिवळी, पण अजून टिकून. शुक्रवारी नक्की येणार असं कळवलंय.

माझं कंत्राट या महिन्यात संपतं. साहेबांनी आज सहज आठवण करून दिली. 'तो बॉर्डरचा लाभार्थी झाला म्हणजे बरं.' बाकी काही म्हणाले नाहीत.

७ मे, गुरुवार

कोगनोळीला गेले तर शालनआक्का जाळीत बसून फळं बांधत होती. दुसऱ्या माळावरच्या रानजाळ्यांवरनं टोपलीभर करवंदं आणलेली, काळीभोर. देठाला दोरा, दोरा फांदीला.

"हे काय करताय?"

"सायबाला फळावरची पायजेत न्हवं?"

गाठी सुटत होत्या. जाड दोरा, मोठ्या गाठी, लांबून दिसणाऱ्या. चार बांधली की दोन खाली.

हे खोटं आहे. हे कळवायला हवं. ॲपमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे.

मी बेळगावातल्या वडगावची. घरात साड्यांचे माग. तुटलेला धागा जोडायची गाठ मला शाळेच्याही आधी आली. बारीक, सुटत नाही, दिसत नाही. स्कूटरच्या डिकीत आईचं ब्लाउज शिवायला टाकायचं होतं, त्याबरोबर हिरव्या दोऱ्याची रीळ.

उन्हं कलेपर्यंत बांधत बसलो. ती फळ धरायची, मी गाठ मारायचे. काटे दोघींना लागले. ती बोलत होती, लग्न करून आली तेव्हा माळावर काय काय होतं, नवरा तेव्हा कसा होता. मी ऐकलं. काही विचारलं नाही.

निघताना म्हणाली, "लई नीट बांधतीस गं."

८ मे, शुक्रवार

मोठे साहेब आले. गाडीतून उतरले, ओळीच्या टोकाला उभे राहिले, आत आले नाहीत. बूट पांढरे होते. आमच्या साहेबांनी माहिती दिली. मी ॲप धरून उभी. शालनआक्का इस्त्रीच्या लुगड्यात, हात पदराखाली झाकलेले. बाबूआण्णानं शहाळी फोडली.

सगळं झालं होतं. वळता वळता त्यांनी जवळचं एक करवंद तोडलं.

दोरा बरोबर आला.

बाबूआण्णाला खोकला आला. मोठ्या साहेबांनी दोऱ्याकडं बघितलं, मग आमच्या साहेबांकडं, मग माझ्याकडं. करवंद तोंडात टाकलं. बिया थुंकल्या.

"हुळी," म्हणाले. आंबट.

दोरा बोटांनी झटकला आणि माझ्याच फोनवर मंजुरीचं बटण दाबलं. गाडीत बसताना आमच्या साहेबांना काहीतरी सांगितलं, दोघं हसले. त्या हसण्यात मी होते.

गाडी वळली तशी शालनआक्कानं कोयता काढला. आधी बांधलेली फळं सोडवली, मग छाटणी. मी मापं सांगत गेले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खुंटांची साल नखानं खरवडून बघितली. हिरवी असली तर जीव आहे. अकरांत आत तपकिरी, कोरडं. बाकीच्यांचं सांगता येत नव्हतं.

"हिरवं दिसलं काय गं?"

"काहींत."

१२ मे, मंगळवार

मंजुरीचा मेसेज. ऑफिसात बाबूआण्णा पेढे घेऊन हजर.

"घ्या म्याडम. ह्यात तर इख न्हाय."

पेढा टेबलावर ठेवला. तो खुर्ची ओढून बसला. आवाज न चढवता, हिशेब सांगावा तसं बोलला. जाळ्या वर होत्या तोवर वैनी जेसीबीच्या आडवी झोपली असती. गाव तिच्या बाजूनं आलं असतं. बायामाणसाची बारा-पंधरा वर्षांची झाडं, कोण हात लावणार? आता तिनंच उपटून खाली नेली. "सवताच्या हातानं. आख्ख्या गावानं बघितलं. आता खालचं रान तुमच्या योजनेचं, वरचा माथा माझा. मुरूमबी वरचाच चांगला हाय, खालचा मातीमिश्र."

"बंदी आहे त्या जमिनीत."

"कुठल्या?" तो म्हणाला. "नकाशा बघा की. तुम्हीच काढलाय."

काढला. बंदी खालच्या सर्व्हे नंबराला. वरचा दुसऱ्या राज्यात. माझ्या हातची रेघ, अगदी बरोबर. नियमात एक अक्षर चुकलेलं नाही. गेले पाच आठवडे मी झाडं जगतील का एवढंच बघत होते. बंदी कुठल्या जमिनीला लागणार हे एकदाही बघितलं नाही.

तिकडचं परमिट त्यानं आधीच काढलंय.

१३ मे, बुधवार

तिला सांगायला गेले. फोनवर सांगता आलं असतं.

चुलीपुढं बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"मग जेसीबी फुकट का दिला त्यानं?"

मग माझ्याकडं वळली.

"तुला ठावं होतं?"

"नाही."

"न्हाय?" चिमट्यानं निखारा सरकवला. "मग शिकलीस कशाला?"

ती भाकऱ्या थापत राहिली. मी तिथं नसल्यासारखी.

२७ मे, बुधवार

कंत्राट वाढलं. एक वर्ष. साहेबांनी कळवलं, खाली अंगठ्याचं चित्र.

खालच्या ओळीत कोंब नाही. एकाही खुंटाला. टाकी आली, कुंपणाची तार आली. नवी चकचकीत तार, आत वाळके खुंट. कुंपण ठोकणाऱ्यांनी विचारलं, आत काय राखायचंय? शालनआक्का म्हणाली, "सरकारला इचारा."

रोज प्रत्येक खुंटाला तांब्याभर पाणी घालते. आता जास्त घालत नाही. मी सांगितलं होतं तेवढंच.

६ जून, शनिवार

बाबूआण्णाचं काम सोमवारी सुरू. जेसीबी माथ्याच्या पलीकडं येऊन थांबलाय. डिझेलचा वास खालपर्यंत.

ऑफिसचं काम होतं, कुंपणाचा फोटो. काढला. मग वर गेले. का ते माहीत नाही. खड्ड्यांची एकदा नोंद करावी, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या खड्ड्यात तळाशी तुटलेल्या सोटमुळाच्या कडेनं चार कोंब. तांबूस, बोटाएवढे. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात नुसते डोळे फुगलेले. मी गुडघ्यांवर बसून एकोणीसही बघितले. सतरांत जीव आहे. चीक वाळला होता त्याच जागी, सालीखालून. मुळात बळ असतं, हे मला माहीत होतं. त्याला वर काही पोसायचं उरलं नाही म्हणून ते फुटलं. पुस्तकातली गोष्ट आहे ही. परीक्षेत लिहिली होती.

राखली तर तीन वर्षांत फळावर येतील. हद्दीबाहेर. सोमवारी दुपारपर्यंत बकेट इथवर पोचेल.

तिला सांगितलं तर ती सोमवारी त्या खड्ड्यांत उतरेल. तिला ओळखते आता मी. आणि या वेळी गाव येणार नाही. उपटताना सगळ्यांनी बघितलंय. मशीन चालवणारा पोरगा बाहेरचा आहे, त्याला कुणी सांगितलेलं नसणार. बाबूआण्णा थांबवेल? तो हसेल. हसता हसता थांबवेल की नाही, ते सांगता येत नाही.

नाही सांगितलं तर ती खाली वाळक्या खुंटांना पाणी घालत राहील. वर काही उरलं होतं हे तिला कधीच कळणार नाही.

उतरले तेव्हा ती तारेपाशी तांब्या घेऊन उभी होती. गुडघ्यांवरची माती झटकायची राहिली होती माझी. तिनं ती बघितली.

"वर काय हाय गं?"

"खड्डे," म्हटलं.

मी हेल्मेट घातलं. हायवेवर आल्यावर लक्षात आलं, फोटो काढलेत मी कोंबांचे. सतराही. फोनमध्ये आहेत.

उद्या रविवार. कोगनोळीला जायला ऑफिसचं काही कारण नाही.